मृतांची निशाणे

के. आर. पुरमच्या बाजारपेठेत, जुना मद्रास रस्ता जेथे तारांनी तोललेल्या पुलाकडे वळतो त्या बाजूस, वर्षातून अनेकदा एक दृश्य आमच्या दृष्टीस पडते. दोन बांबूंवर ताणलेला एक मोठा रंगीत फलक. मध्यभागी दिवंगताचे छायाचित्र, त्याभोवती छापील फुलांची माळ, दोन बाजूंस दोन छापील समया, आणि वर कानडी लिपीत 'भावपूर्ण श्रद्धांजली' ही अक्षरे. ही अक्षरे लिपी बदलली तरी मराठी माणसाला परकी वाटत नाहीत. पुण्यातील वा सांगलीतील कोणत्याही चौकात तीच वाचावयास मिळतात. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने कानउघाडणी केल्यावर बेंगळूरच्या महापालिकेने असल्या फलकांवर बंदी घातली. तरीही मरण आले की फलक येतोच. बंदी मानावयास दुःखाला सवड नसते.

या फलकाकडे थोडे निरखून पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. मृताच्या नावापेक्षा त्याच्या नावामागील पदव्या पुष्कळदा मोठ्या अक्षरांत असतात: अमुक संघाचे माजी अध्यक्ष, तमुक देवस्थानाचे विश्वस्त. खालच्या अंगाला शोक करणाऱ्यांची छायाचित्रे एका ओळीत मांडलेली. त्यांतही मोठे कोण नि लहान कोण हे चौकटीच्या आकारावरून कळावे. ज्याने हा फलक आखला त्याला कुलचिन्हशास्त्र हा शब्द ठाऊक असण्याचा संभव नाही. परंतु तो जे करीत आहे ते मात्र फार जुने आहे. मेलेल्या माणसाची मानचिन्हे त्याच्या दाराशी, थडग्याशी किंवा गावाच्या वेशीवर मांडावयाची, आणि हा कोण होता हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगावयाचे, ही रीत अनेक देशांत अनेक रूपांनी नांदली. तिचा थोडा मागोवा घ्यावा असे आम्हांस वाटले. विशेषतः अशासाठी, की ज्या मातीवर आम्ही परप्रांतीय मराठी मंडळी घरे बांधून राहिलो, त्या मातीत या रीतीचे फार मोलाचे अवशेष पडलेले आहेत.

युरोपात या रीतीला बांधीव शास्त्राचे स्वरूप आले. मध्ययुगात एखादा सरदार मेला म्हणजे त्याची ढाल, शिरस्त्राण, तलवार, हातमोजे आणि अंगरखा त्याच्या थडग्यावर टांगीत. १३७६ मध्ये इंग्लंडचा युवराज एडवर्ड, ज्याला पुढे 'काळा युवराज' हे नाव पडले, तो वारला. आपल्या अंत्ययात्रेत युद्धाचे एक आणि शांततेचे एक अशी दोन प्रकारची चिन्हे मिरवावीत असे त्याने मृत्युपत्रातच लिहून ठेवले होते. युद्धाच्या ढालीवर राजकुलाचे चिन्ह. शांततेच्या ढालीवर काळ्या भूमीवर तीन शुभ्र पिसे. कँटरबरीच्या मंदिरात त्याच्या थडग्यावर त्या वस्तूंच्या प्रतिकृती आज टांगलेल्या आहेत. मूळ वस्तू जवळच जपून ठेवल्या आहेत.

पुढे खरी शस्त्रे टांगण्याची चाल मागे पडली आणि सतराव्या शतकात डच प्रदेशांतून इंग्लंडात दुसरी आली. लाकडी चौकटीत ताणलेला, कोनावर उभा केलेला चौकोनी फलक. त्यावर मृताचे कुलचिन्ह रंगविलेले. हा फलक काही महिने, क्वचित वर्षभरही, घराच्या दर्शनी भागावर टांगीत आणि मग चर्चच्या भिंतीवर नेऊन लावीत. त्याची भाषा ज्याला येई त्याला दारावरूनच घरातील दुःख वाचता येत असे. नवरा गेला आणि बायको मागे राहिली, तर नवऱ्याच्या अर्ध्या भागामागची भूमी काळी आणि बायकोच्या भागामागची पांढरी. विधवा वा विधुर गेला, किंवा अविवाहित माणूस गेला, तर सगळी भूमी काळी; कारण आता त्या घरात मागे कोणी जोडीदार उरला नाही. एका अक्षरावाचून इतके सांगणारी लिपी क्वचितच आढळेल. मात्र ती फक्त कुलवंतांसाठी होती. ज्याला कुलचिन्ह नाही त्याच्या दारावर काय टांगणार? म्हणूनच १७९५ मध्ये हॉलंडात जुनी सत्ता कोसळून नवे प्रजासत्ताक आले, तेव्हा समतेच्या नावाखाली चर्चमधील असले फलक उतरविण्याचे हुकूम निघाले आणि पुष्कळ फलक नष्ट झाले. समुद्रापलीकडे सिंहलद्वीपात, गाल येथील डच चर्चच्या भिंतींवर, त्यांचे भाऊबंद आजही पाहावयास मिळतात.

आमच्या मराठी मुलखाच्या कडेलाही ही युरोपीय रीत येऊन ठेपली होती. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस आसिसीच्या चर्चमध्ये पाऊल टाकले की आपण कुलचिन्हांवरूनच चालू लागतो. तेथील फरसबंदीत ढाली, शिरस्त्राणे आणि पोर्तुगीज अक्षरे कोरलेल्या थडग्यांच्या शिळा बसविलेल्या आहेत. वसईच्या किल्ल्यातील ओसाड चर्चांतूनही तशा शिळा आहेत. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली. किल्ल्यावरचे निशाण बदलले. जमिनीतील शिळांवरची निशाणे तशीच राहिली. सत्ता गेली तरी मेलेल्यांच्या ढाली तेवढ्या जागच्या जागी आहेत.

मग आपले काय? आपल्याकडे युरोपीय पद्धतीचे कुलचिन्ह घरोघर नव्हते. मराठा कुळांना देवक असते. परंतु देवकाचे स्थान लग्नाच्या मांडवात, मरणाच्या दारी नव्हे. मान दाखविण्याची आपली साधने वेगळी होती: निशाण, नगारा, चौरी, मोर्चेल, अब्दागिरी, आणि या सर्वांहून वरचढ असे छत्र. ज्याच्या डोक्यावर छत्र तो राजा. ६ जून १६७४ रोजी रायगडावर जे घडले त्याचे सार 'छत्रपती' या एका शब्दात आहे. आता गंमत अशी, की राजाच्या वा सरदाराच्या दहनभूमीवर आपण जी वास्तू उभारतो तिलाही छत्रीच म्हणतो. जिवंतपणी सेवकाने धरावयाचे कापडी छत्र मरणानंतर दगडाचे होऊन रक्षेवर उभे राहते. आपल्या भाषेने जपलेले, शोकातील मानचिन्हाचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीस महादजी शिंदे वारले, तेथे त्यांची छत्री आहे. आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या छत्र्यांत तर दिवंगत राजांच्या मूर्तींना वस्त्रे नेसवून नैवेद्य दाखविण्याचा प्रघात पडला. जणू दरबार बरखास्त झालाच नाही.

तंजावरच्या भोसल्यांकडे पाहिले म्हणजे हाच शब्द आणखी एक वळण घेतो. दुसऱ्या सरफोजी महाराजांनी (राज्यकाल १७९८–१८३२) मुक्तांबा या आपल्या प्रिय स्त्रीच्या स्मरणार्थ ओरत्तनाडू येथे जे उभारले ते 'छत्र'च, पण वाटसरूंच्या मुक्कामाचे व अन्नदानाचे. हे छत्र मूळ संस्कृत 'सत्र' या शब्दातून आले. मराठीत अन्नसत्र आणि अन्नछत्र ही दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदतात. राजाने स्वतःच्या डोक्यावरील छत्राऐवजी दुसऱ्याच्या डोक्यावरील छप्पर हेच शोकाचे चिन्ह केले. शब्दाच्या अपभ्रंशातून कधीकधी मूळ शब्दाहून मोठा अर्थ हाती लागतो, तो असा.

परंतु छत्री झाली तरी ती राजेरजवाड्यांची. सामान्य शिपायाचे, राखणदाराचे, गावच्या गुरांसाठी जीव दिलेल्या माणसाचे काय? येथे आपल्याला वीरगळाकडे वळावे लागते. कानडीत तोच वीरगल्लु, म्हणजे वीराचा दगड. आपला 'गळ' हा त्या 'कल्लु'चाच मराठी अवतार होय. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात देवळांच्या आवारात, वेशीवर, तळ्यांच्या बांधांवर हे दगड उभे असतात आणि त्यांची रचना ठरलेली असते. सर्वांत खालच्या चौकटीत मरणाचा प्रसंग: गुरे हाकून नेणाऱ्यांशी झुंज, वाघाशी सामना, नाही तर लढाई. त्यावरच्या चौकटीत अप्सरा वीराला उचलून वर नेत आहेत. त्याहून वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसला आहे. माथ्यावर चंद्र आणि सूर्य. जोवर ते आहेत तोवर ही कीर्ती राहो, असा त्यांचा अर्थ. शेजारी कोपरात वाकविलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला असेल, तर त्याच्या पाठोपाठ पत्नी सती गेली असे समजावे. हा दगड खालून वर वाचावयाचा असतो, हे त्याचे वैशिष्ट्य होय. युरोपचा शोकफलक 'हा कोणाचा कोण' एवढे सांगतो. वीरगळ 'याने काय केले आणि त्यामुळे तो कोठे गेला' हे सांगतो. त्यावर घराण्याचे चिन्ह नसते. मरणाचा प्रसंग हेच त्या माणसाचे चिन्ह.

या दगडांत कधीकधी नावही हरवलेले असते. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सर येथे सहा भव्य वीरगळ आहेत. त्यांवर वल्ह्यांच्या नौकांचे तांडे, समुद्रावरील चकमक आणि हत्ती कोरलेले आहेत. यादव राजा महादेव आणि कोकणचा शिलाहार सोमेश्वर यांच्यात १२६५ च्या सुमारास जो संघर्ष झाला, त्याच्याशी पुष्कळ अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. परंतु वाचता येईल असा लेख नसल्यामुळे हे अनुमानच राहिले आहे. नौका स्पष्ट दिसते, वल्ही मोजता येतात. बुडाला तो कोण, हे मात्र दगड सांगत नाही.

बेंगळूरच्या दगडांचे तसे नाही. ते बोलतात, आणि येथे आमच्या विषयाचा खरा गाभा येतो. शहराच्या दक्षिणेस बेगूर गाव आहे. तेथील एक भव्य वीरगळ आता कस्तुरबा रस्त्यावरील शासकीय वस्तुसंग्रहालयात आहे. गंग राजांच्या काळी नागत्तर नावाचा सरदार, नोळंब राजा वीरमहेंद्राशी झालेल्या लढाईत हत्तींच्या गर्दीत शिरून लढला आणि पडला. त्याचे युद्ध त्या शिळेवर हत्तीघोड्यांसह कोरले आहे. खालचा लेख सांगतो, की ही वार्ता ऐकून एरेयप्प राजाने इरुग नावाच्या पुरुषाला 'नागत्तर' हे पट्ट बांधले आणि बेगूरसह बारा गावे दिली. माणूस मेला, पण त्याचे पद रिकामे राहू दिले नाही. शोक आणि पदग्रहण एकाच दगडावर. वीराच्या मरणापायी दिलेल्या अशा जमिनीला कानडीत 'नेत्तरु कोडगे', म्हणजे रक्ताचे इनाम, असा शब्द आहे. त्याहून नेमका शब्द मराठीत आम्हांस सापडत नाही.

त्याच बेगुरात, नागेश्वराच्या देवळाच्या आवारात, इसवी सन ८९० च्या सुमाराचा दुसरा एक लहानसा लेख आहे. त्यात नागत्तराच्या घरचा बुट्टणशेट्टी 'बेंगळूरच्या लढाईत' मरण पावला असे लिहिले आहे. एवढेच. ही लढाई कोणाकोणात झाली, कशासाठी झाली, हे त्या ओळीत नाही. परंतु 'बेंगळूर' हे नाव या नगरीच्या परिसरात प्रथम आढळते ते या ओळीत. होयसळ राजाला एका म्हातारीने उकडलेल्या शेंगा दिल्या म्हणून 'बेंदकाळूरु' हे नाव पडले, ही लोकप्रिय कथा या एका मृत्युलेखाने मागे सारली. कारण होयसळांचा उदय व्हावयाच्या आधीच हे नाव दगडावर होते. केवढी ही विलक्षण गोष्ट! राजांची छत्रे मोडली, निशाणे कुजली. आणि कोट्यवधी लोकांच्या या महानगराला आपल्या नावाचा सर्वांत जुना पुरावा मिळाला तो एका घरच्या माणसाच्या शोकातून. बुट्टणशेट्टीसाठी कोणी रडले नसते, तर बेंगळूरला आपले वय कळले नसते.

याच वस्तुसंग्रहालयात आणखी एक शिळा आहे, आणि तिच्याजवळ आम्ही नेहमी थोडे अधिक थांबतो. ती मंड्या जिल्ह्यातील आतकूरची, ९४९–५० या वर्षाची. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण आणि त्याचा मेहुणा गंग राजा बूतुग यांनी तक्कोलमच्या रणात चोळ युवराज राजादित्याला ठार केले. या युद्धात पराक्रम केलेल्या मणलेर नावाच्या वीराला बूतुगाने 'काय हवे ते माग' म्हटले. मणलेराने गाव मागितले नाही, पदवी मागितली नाही. त्याने काळी नावाचा शिकारी कुत्रा मागितला. पुढे एका टेकडीवर हा काळी एका दांडग्या रानडुकराशी झुंजला आणि दोघेही मेले. त्याच्यासाठी देवळासमोर दगड उभारला गेला, वर कुत्रा आणि डुक्कर यांची झुंज कोरली गेली, आणि पूजेसाठी जमीन नेमून दिली गेली. पूजा केल्यावाचून जेवणाऱ्या पुजाऱ्याला पाप लागेल अशी ताकीदही लेखात आहे. साम्राज्यांच्या युद्धाचा वृत्तांत आपल्याला आज वाचावयास मिळतो तो एका कुत्र्याच्या मृत्युलेखाच्या प्रस्तावनेसारखा!

मराठी वाचकाला येथे साताऱ्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. संगम माहुलीस छत्रपती शाहू महाराजांच्या समाधीच्या परिसरात त्यांच्या लाडक्या कुत्र्याचेही स्मारक दाखवितात. त्याने वाघापासून महाराजांचा जीव वाचविला. महाराजांनी त्याला जहागीर आणि पालखीचा मान दिला, भर दरबारात त्याला जरीवस्त्रे चढवून आपली पगडी त्याच्या मस्तकी ठेविली, ही कथा ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या इतिहासात नोंदविली आहे. पालखी आणि पगडी ही तर मराठशाहीची मानचिन्हेच. त्यांवर जन्माने हक्क सांगणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शाहू महाराजांनी ती एका इमानी जनावराला दिली. आतकूर आणि माहुली यांच्यामध्ये आठशे वर्षांचे अंतर आहे, भाषा वेगळ्या, राजकुळे वेगळी. परंतु मान कुळाला नसून करणीला आहे, हे दोन्ही दगडांचे म्हणणे एकच आहे.

आता एका मरणाबद्दल लिहावयाचे राहिले आहे. ते आमच्या अगदी जवळचे. १६३८ मध्ये आदिलशाही फौजेने केंपेगौडांकडून बेंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. येथेच त्यांचा दरबार भरे. जयराम पिंड्ये याने 'राधामाधवविलासचंपू' रचला तो या दरबाराच्या आश्रयाने, आणि राजवाड्यांनी तो १९२२ मध्ये प्रकाशात आणला. इतक्या भाषांच्या कवींनी ज्यांची बिरुदे गायिली, ते शहाजीराजे २३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेरे येथे, आजच्या दावणगेरे जिल्ह्यात, शिकारीत घोड्यावरून पडून वारले. घोड्याचा पाय वेलीत अडकला असे सांगतात. तेथे त्यांची समाधी आहे. तिच्यावर ना भव्य घुमट, ना नगारखाना. उघड्या आकाशाखाली एक साधा चौथरा. ज्यांच्या पुत्राने पुढे दहा वर्षांनी छत्र धारण केले, त्यांच्या रक्षेवर दगडाचेही छत्र नाही. प्रथम पाहणाऱ्याला याची खंत वाटते. आम्हांसही वाटली होती. परंतु बेगूर आणि आतकूर पाहून झाल्यावर त्या खंतीची धार बोथट झाली. होदिगेरेच्या चौथऱ्याने मराठी माणसाला सांगावयाचे ते सांगितलेच आहे: तुमचा पूर्वज या मातीवर केवळ स्वारीस आला नव्हता, तो येथे राहिला, येथेच पडला, आणि येथल्या मातीने त्याला सांभाळले.

मानचिन्हे टिकवावयाची इच्छा सत्तेला नेहमीच असते. टिकवणे मात्र तिच्या हाती नसते. १७९१ च्या मार्चमध्ये कॉर्नवॉलिसच्या सैन्याने टिपूकडून बेंगळूरचा किल्ला घेतला. किल्लेदार बहादुरखान लढत पडला. त्या वेढ्यात मेलेल्या इंग्रज पक्षाच्या लोकांसाठी पुढे शहरात एक उंच स्मारकस्तंभ उभा राहिला. त्यावरून रस्त्याला 'सेनोटाफ रोड' हे नावही पडले. १९६४ मध्ये तो स्तंभ पाडण्यात आला आणि तो रस्ता आज नृपतुंगाच्या नावाने ओळखला जातो. उलट २०१८ मध्ये हेब्बाळ येथे रस्त्याकडेच्या कामात एक दगड वर आला. इसवी सन ७५० च्या सुमारास, गंग राजा श्रीपुरुषाच्या काळी, राष्ट्रकूटांच्या स्वारीशी लढताना मेलेल्या कित्तय्याचा तो वीरगळ. साडेबाराशे वर्षे तो कोणाच्या आज्ञेने टिकला नव्हता; तो केवळ विसरला गेला होता. २०२१ पासून मिथिक सोसायटीने बेंगळूर परिसरातील शिलालेखांची त्रिमिती छायांकने करून ठेवण्याचे काम हाती घेतले आहे. १९०५ मध्ये लुई राइस यांनी या जिल्ह्यातील लेखांचा जो संग्रह छापला, त्यातील अनेक दगड आज जागेवर उरलेले नाहीत. काही नव्या इमारतींच्या पायांत गेले, काही पाट्यांसारखे गटारांवर पडले.

म्हणून वाचकांस आमची एक विनंती आहे. के. आर. पुरम असो, हूडी असो वा कलकेरे, आपल्या घराजवळच्या तळ्याकाठी, झाडाच्या पारावर, एखादा ढाल-तलवार घेतलेला झिजका दगड हळदीकुंकवाने माखलेला दिसला, तर तो कोणत्या देवाचा असे विचारून पुढे जाऊ नये. तो बहुधा माणसाचा असतो. लोकांनी त्याला देव केले म्हणूनच तो वाचला. परंतु देव होताना त्याचे नाव गेले. ते नाव परत मिळविण्यास कानडी येणाऱ्या शेजाऱ्याची मदत घ्यावी लागेल, आणि ती मागण्याने आपले काही उणे होणार नाही. ज्या गावात आपण पाहुणे नव्हे तर रहिवासी म्हणवून घेतो, त्या गावाच्या मृतांची नावे ठाऊक असणे हे रहिवाशाचे पहिले कर्तव्य आहे.

परवाच्या पावसात आम्ही बाजारात एका भाजीवालीच्या टोपलीशी आडोशाला उभे राहिलो होतो. वर पाहतो तो तिच्या गाड्यावर ताणलेले छप्पर म्हणजे जुना श्रद्धांजलीचा फलकच होता. उलटा बांधलेला, माळ, समया आणि एका अनोळखी वृद्धाचा चेहरा आतल्या बाजूस. पदव्यांची अक्षरे उन्हाने विटून गेली होती. तिला विचारले, हे कोण? ती म्हणाली, ठाऊक नाही. पण पाणी गळत नाही. आम्ही भाजी घेतली आणि पाऊस थांबेपर्यंत त्या वृद्धाच्या छत्राखाली उभे राहिलो.